आधी कोणाचे द्यायचे

हातखंबा,
१४ जून २०२४

चि. संस्कृतीस,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर एकच खूण येते आणि दुसरी येतच नाही, म्हणजे तू मला बंद करून ठेवलंयस, एवढं आता मलाही कळायला लागलंय. पोस्टाला असं बंद करता येत नाही. पाकीट दारात पडणारच. ते वाचायचं की तुझ्या काढलेल्या दाढांबरोबर टाकून द्यायचं, ते तू बघ.

यंदाचं कॅनिंग परवा आटोपलं. शेवटच्या गाडीतला आंबा बराच डागी निघाला, पण एकंदरीत पल्प बरा झालाय. बॅरलं गोदामात लागली. बँकेचा माणूस येऊन मोजून गेला. जाताना दर खेपेसारखं एक बॅरल ठोकून बघितलंन, आत पल्प आहे की पाणी. मी म्हटलं, साहेब, चमचा आणू का? हसला नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या कंपनीच्या कर्जाला तू जामीनदार आहेस, कंपनीचं खातं ओढाताणीत आहे, आणि म्हणून तुझ्या दातांच्या दवाखान्याला कोल्हापुरात कुठली बँक कर्ज देत नाही. हे खरं आहे. गेल्या गणपतीपर्यंत तुझं नाव सोडवतो असं मी म्हणालो होतो, ते झालं नाही, हेही खरं. पण बँकेचं काम म्हणजे कसं असतं, तुला कल्पना नाही. इथून कागद निघतो तो तीन ठिकाणी जेवूनखाऊन पुढे जातो. मधेच मॅनेजर बदलला. नवीन आला तो म्हणतो, मला पहिल्यापासून सांगा. माझ्या हातात असतं तर मी केव्हाच केलं असतं.

राजारामपुरीत तू दुसरा गाळा बघितलायस आणि मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे, असं तुझी आई म्हणाली. म्हणजे तू फोनवर तिला सांगितलंस आणि मी पडवीत बसून ऐकलं. दिवाळीच्या आत करतो. या वेळी नक्की.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे बाबा


हातखंबा,
७ जुलै २०२४

चि. संस्कृती,

तुझी आई काल कोल्हापूरहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "तुम्ही तिला पत्रात काय लिहिलंत ते वाचलं मी. तिनंच दाखवलं." चहा टाकलान, मला दिलान, स्वतः प्यायली नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

तू जानेवारीतच शाखेत फोन केला होतास, हे मग तिनेच सांगितलं. मॅनेजरने तुला सांगितलं होतं की मागच्या सप्टेंबरात निर्यातवाल्याचे पैसे खात्यात आले होते, आणि तुझ्या वडिलांनी ते परत काढले. म्हणजे माझं बँक उशीर करते वगैरे पुराण तू वाचलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. साठीला आलेला माणूस पोटच्या पोरीला थापा मारतोय आणि ती निमूट वाचतेय. मला लाज वाटली. आता सरळ लिहितो.

आमचं कर्ज दोन भांड्यांत आहे. एक यंत्रांचं, मुदतीचं. दर महिन्याला हप्ता. दुसरं खेळत्या भांडवलाचं, आंब्यासाठी. ते मे महिन्यात फुगतं, पल्प विकला जाईल तसं ओसरतं, आणि गोदामातली बॅरलं त्याला तारण. आता पल्पाचे पैसे येतात श्रावणापासून पुढे, तेही लाटेसारखे. यंत्राचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा. पहिला मॅनेजर भला माणूस होता. तो म्हणाला होता, "आठ वर्षांची मुदत घ्या, आणि हप्ते विक्रीच्या महिन्यांतच ठेवू. तुमचा धंदा हंगामी आहे." मी म्हटलं, आम्ही काय भिकेला लागलोय? पाच वर्षांत फेडतो, दर महिन्याला. लांब मुदतीचं कर्ज म्हणजे मला कमीपणा वाटायचा. मग हप्त्याला पैसे नसले की आंब्याच्या भांड्यातून काढायचे आणि यंत्राच्या भांड्यात टाकायचे. याची टोपी त्याच्या डोक्यावर. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोर सांगेल. मला कारखाना काढून कळलं.

आणि तुझी सही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड करायची तर दोन संचालक लागतात, आणि दोघांनी कर्जाला वैयक्तिक हमी द्यायची. मी आधी तुझ्या आईला विचारलं होतं. हे तुला माहीत नाही. ती म्हणाली, "इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही." मी चिडलो, दोन दिवस बोललो नाही. मग तू सुट्टीला आलीस. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली होती, तुला एकवीस पूर्ण झाली होती. मी म्हटलं, नुसती सही आहे गं. तू कानाला फोन लावून मैत्रिणीशी बोलत बोलत चाळीसेक ठिकाणी सह्या केल्यास. पानं मी उलटत होतो.

आता सप्टेंबरचं. मॅनेजर म्हणाला होता, आंब्याच्या कर्जाची मर्यादा तीस लाखांनी कायमची खाली आणा, मग तुमच्या मुलीचं नाव कमी करायचा प्रस्ताव मी वर पाठवतो. निर्यातवाल्याचे तेवढे पैसे आले. गणपतीला दहा दिवस होते.

तू आपल्या घरात वाढलीस, तुला सांगायला नको. आपले बागवाले मे महिन्यात माल शब्दावर टाकतात. पावती नाही, करार नाही. पैसे गणपतीच्या आधी. चतुर्थीला ते आपल्याकडे दर्शनाला येतात तेव्हा हिशेब मिटलेला असला पाहिजे, देवासमोर देणं ठेवून बसायचं नाही. बावीस वर्षं हे चुकलं नाही. कंपनी बुडाली तर कायद्याने रांग लागते. बँक सगळ्यात पुढे, कारण तिच्याकडे तारण आहे. हे आंबेवाले मागे, हात हलवत. मला वाटलं, ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांना मीच नको का बघायला? त्यांतला रघू पावसहून दोनदा येऊन गेला होता, त्याच्या घराचं छप्पर उघडं होतं. मी पैसे काढले आणि सगळ्यांचे दिले.

आणि तुला सांगितलं की बँक वेळ लावतेय. पुढच्या हंगामात पल्पाचा दर पडला आणि ते तीस लाख पुन्हा जमले नाहीत.

मी त्यांचे दिले याचा मला पश्चात्ताप नाही, असं लिहायला बसलो होतो. लिहून खोडलं. मला काय वाटतं ते मला नीट कळत नाही. तू रागावली आहेस ती मी बागवाल्यांना तुझ्या पुढे बसवलं म्हणून, हे मला कळतं.

बाबा


हातखंबा,
११ ऑगस्ट २०२४

संस्कृती,

तुझं उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं आणि आलंही नाही. तरी लिहितो, कारण लिहिलं नाही तर मी काय करतोय हे तुला तिसऱ्याच कोणाकडून कळेल, आणि ते एकदा झालंय तेवढं पुरे.

मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, पैसे नाहीत, दुसरा मार्ग सांगा. तो म्हणाला, मुलीच्या जागी दुसरा जामीनदार आणा, ज्याच्या नावावर जमीन आहे असा. मी मनात म्हटलं, एवढंच? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रघूकडे पावसला गेलो.

रघूच्या नावावर हापूसची किती कलमं आहेत ते तुला माहीत आहे. मागच्या वर्षी पहिले पैसे मी त्याला दिले. त्याच्या छपराला नवे पत्रे दिसत होते. मोकळेपणाने बसलो, कोकम सरबत झालं, पावसापाण्याचं झालं. मग मी विषय काढला. रघू कान खाजवायला लागला. विळा उचललान, धार बघितलीन, खाली ठेवलान.

म्हणाला, "दादा, आंबे मागा. पुढच्या मे म्हयन्यात गाडी भरून देतंय. पैसे दोन वर्सांनी द्या, मी बोलायचा नाय. पण सही नका मागू."

मी म्हटलं, अरे, नुसती हमी आहे. तुला कोण मागायला येणार नाही.

"मग बँक कशाला घेतेय? वहिनीनं केलीय सही?"

"नाही. ती नाही म्हणाली."

"मग आता कोन हाय?"

मी सांगितलं. त्याची बायको दारात उभी होती ती आत निघून गेली. रघू म्हणाला, "पोरीला काय कळतंय दादा त्यातला. ती तुमच्या तोंडाकडे बघून करनार."

मी उठलो. येताना गाडीत एकटाच त्याला शिव्या घालत होतो. बावीस वर्षं याच्या आंब्याचे पैसे वेळेवर दिले, पोरीला मागे ठेवून दिले, आणि हा मला सही देत नाही. भाट्याच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या तेवढ्यात राग ओसरला. बायको नाही म्हणाली, मित्र नाही म्हणाला. दोघांपैकी कोणी चार बुकं जास्त शिकलेलं नाही, पण दोघांना कळलं की ही वस्तू द्यायची नसते. आणि दोघांना नाही म्हणायची सोय होती. तुला मी ती सोय ठेवली नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवायचीस आणि मला तोच तर हवा होता, स्वस्तात मिळाला.

हे तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही.

आता विकायचं ठरवलंय. चिपळूणच्या एका कारखानदाराने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, तेव्हा मी त्याला चहासुद्धा धड दिला नव्हता. काल मीच फोन केला.

बाबा


हातखंबा,
१३ सप्टेंबर २०२४

संस्कृती,

सौदा ठरला. जागा, यंत्रं आणि गोदामातला पल्प, सगळं चिपळूणवाले घेणार. पैसे ते थेट बँकेत भरणार. बँकेचं मिटलं की तुझी हमी आपोआप संपते. मॅनेजरची एकच अट होती. सौदा होईपर्यंत खातं नियमित राहिलं पाहिजे, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात जे काही येईल त्यातला रुपया बाहेर काढायचा नाही. एकदा जरी हप्ता थकला तर प्रकरण वसुली खात्याकडे जाईल, आणि मग दिवाळी काय, पुढचा शिमगाही हुकेल.

निर्यातवाल्याचे पैसे आले. आले तसे खात्यात राहू दिले. या वेळी तुझं नाव आधी.

म्हणजे बागवाल्यांचे राहिले.

चतुर्थीच्या आधी मी एकेकाच्या घरी जाऊन सांगितलं. फोनवर सांगणं मला जमलं नसतं. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. गणेशगुळ्याचा शिवा म्हणाला, "तुमी सांगायला आलात, हे हाय ना." आणि लगेच म्हणाला, "पन कधी?" मला तारीख सांगता आली नाही. चिपळूणवाल्यांच्या पैशांतून बँक भागली की हाताशी फारसं उरणार नाही. मी गाडी विकणार आहे आणि चिपळूणवाल्यांकडे मे महिन्यापुरता खरेदीवर राहणार आहे, त्यातून जमेल तसं देईन, एवढंच सांगितलं. रघूने अंगणात उभ्या उभ्या ऐकून घेतलंन. बसा म्हणाला नाही.

गणपतीत तुझ्या आईने नेहमीच्या मापाने मोदक केले. मी म्हटलं, कमी कर. म्हणाली, येतील. माणसं पैशासाठी येतात का? शिवा आला, अजून दोघं आले. दिवा लावला, आरतीला उभे राहिले, प्रसाद घेतला आणि निघाले. पूर्वी पत्त्यांचा डाव पडायचा, बाल्याच्या नाचाचं ठरायचं, तुला आठवत असेल. बाकीचे आले नाहीत. रघू आला नाही. दुसऱ्या दिवशी आईने मोदक शेजारी वाटले. मी विचारलं, काय सांगितलंस त्यांना? म्हणाली, "जास्त झाले म्हणून सांगितलं."

आज गौरी-गणपती गेल्यावर घर एकदम रिकामं वाटतंय. मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. मागच्या वर्षी त्यांना पुढे ठेवलं, या वर्षी तुला ठेवलं. पण पडवीत बसलं की पायवाटेकडे बघवत नाही.

गाळ्याच्या मालकाला सांग, दसऱ्यानंतर आठवड्याभरात काम होईल.

बाबा


हातखंबा,
१९ नोव्हेंबर २०२४

संस्कृती,

सोबत बँकेचं पत्र आहे. कर्ज पूर्ण फिटलं, आणि हमीतून तू मुक्त झालीस, असं त्यात लिहिलंय. शिक्का आहे, सही आहे. मूळ पत्र तुझ्याकडेच राहू दे. तुझ्या नावावरची नोंद पुसायला दोन-तीन महिने जातील, मग कुठलीही बँक तुला अडवणार नाही.

उशीर झाला. दिवाळीच्या आत म्हणालो होतो. चिपळूणवाल्यांच्या वकिलाने जागेच्या जुन्या उताऱ्यात एक चूक काढली आणि त्यात महिना गेला. या वेळी हे खरं आहे, हवं तर मॅनेजरला विचार. गाळा गेला, तिथे मोबाइलचं दुकान झालं, हे आईकडून कळलं. त्यावर मी काय लिहू? दुसरा मिळेल असं म्हणायचा मला अधिकार नाही.

कारखान्यात आता मी गेटवर नाव सांगून आत जातो. वॉचमन आपलाच ओमकार आहे, तो लाजतो, मी म्हणतो, लिही बाबा, नियम आहे. रघूला पहिला हप्ता देऊन आलो, गाडीचे आले त्यातून. मोजून घेतलान. ओटीवर या म्हणाला. येत्या हंगामात त्याने माल चिपळूणवाल्यांना न देता पलीकडच्या कारखान्याला द्यायचं ठरवलंय, रोखीत. मी म्हटलं, बरं केलंस. मनापासून म्हटलं.

हे सगळं लिहून पत्र बंद करणार होतो. पण काल रात्री तू आईला फोन केलास. आईने तुला सांगितलं, सुटलीस हो बाय तू, कागद आला. मला वाटलं, आता तू गाळ्याचं बोलशील, किंवा रडशील. तू विचारलंस, "रघूकाकांचे दिले का?"

आईने सांगितलं, एक हप्ता दिला, बाकीचे राहिलेत, तुझं नाव आधी सोडवायचं म्हणून बाबांनी सगळे बँकेत ठेवले. मग तू म्हणालीस ते आईने आज सकाळी मला शब्दाला शब्द सांगितलं. चुलीपुढे उभी राहून, माझ्याकडे न बघता.

"मला कोणी विचारलं कुठे? मागच्या वर्षी बाबांनी मला फोन करून विचारलं असतं, तर मीच म्हटलं असतं, आधी त्यांचे द्या. आणि या वर्षी पण तेच म्हटलं असतं. मी थांबले असते की."

मी आईला विचारलं, ती रागात बोलली का? आई म्हणाली, नाही, राग नव्हता. तेच तर.

वर्षभर मी समजत होतो की तू रागावलीस ती आंबेवाल्यांमुळे. म्हणून या वर्षी मी माझा शब्द मोडला, बावीस वर्षं आलेली माणसं घरी यायची थांबली, आणि वर मनातल्या मनात मी तुझ्यावर उपकार केल्यासारखा बसलो होतो. आणि तुला ते नकोच होतं. रघूच्या घराचं छप्पर उघडं आहे हे तुला कळलं असतं तर आधी त्यांचे द्या म्हणायला तू एक मिनिट लावलं नसतंस, हे मला, तुझ्या बापाला, माहीत असायला हवं होतं. लहानपणी तू त्याच्या मांडीवर बसून आंब्याचे बाठे चोखलेस.

सही घेताना तुला विचारलं नाही. पैसे काढताना विचारलं नाही. या वर्षी न काढतानाही विचारलं नाही. कोणाचे आधी द्यायचे हे मी दोन्ही वेळा एकट्याने ठरवलं, दोन्ही वेळा तुझ्या नावावर.

एक फोन करायचा होता, संस्कृती. तेव्हा तू उचलत होतीस.

बाबा